मोटर सगळ्यात शेवटी : जुन्या फौजी गाड्यांचे वायपर चालू करताना

वायपर चालत नाही म्हटलं की पहिला हात मोटरीला जातो, आणि पैसे वाया जायला तिथूनच सुरुवात होते. 'मेली' म्हणून हातात आलेल्या कितीतरी मोटरी उघडल्यावर धडधाकट निघाल्या. मेलेली असते नळी, अर्थिंग, नाहीतर मॅनिफोल्डवरचं (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यावरचं) एक बारीक भोक. म्हणून इथे कामाचा क्रम उलटा आहे.

काम दोन गाड्यांवरचं, दोन्ही पुण्यातच, पावसाच्या आधी उरकलेलं. पहिली लष्कराच्या वापरातून निघालेली महिंद्राची सीजे-3बी जीप : 12 व्होल्ट, ड्रायव्हरच्या बाजूला व्हॅक्यूमची मोटर, शेजारच्या बाजूला रबराचं बूच मारलेलं भोक. दुसरी 24 व्होल्टची मालवाहू फौजी गाडी. तिची मूळ मोटर कधीच कुणीतरी काढून नेलेली.

मुळात गाडीला काय होतं ते आधी माहीत हवं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जीप हाताने हलवायच्या वायपरवर निघाल्या होत्या. आतून मूठ धरायची आणि काच पुसायची. तेव्हा 1943 च्या जीपची 'ओरिजिनल मोटर' म्हणून कुणी काही पुढे केलं तर ती नंतरची आहे हे समजून भाव करावा. पुढच्या जीपना व्हॅक्यूम आला, एम-35 सारख्या अमेरिकन ट्रकना कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारी मोटर, ब्रिटिश लँड रोव्हरना लुकास कंपनीची विजेची. पाटीवर फेकलेल्या सुट्या मोटरींत हवेची आणि व्हॅक्यूमची चटकन वेगळी ओळखू येत नाही, आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

व्हॅक्यूम मोटरीत वीज नसतेच. इंजिन हवा आत ओढतं, इनटेक मॅनिफोल्डमध्ये ओढ तयार होते, तीच नळीने काचेच्या फ्रेमपर्यंत आणलेली असते. मोटर म्हणजे अर्ध्या भाकरीच्या आकाराची चपटी डबी. आत एक पातं आणि त्याच्या कडेला चामड्याची झालर. एका बाजूची हवा ओढली गेली की पातं तिकडे जातं. टोकाला पोचलं की वरची बारीक स्प्रिंग झडप पलटवते आणि ओढ दुसऱ्या बाजूला लागते. यातला उपजत दोष असा, की ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमधली ओढ जवळजवळ शून्यावर येते. म्हणजे ताम्हिणीचा चढ, वरून धो-धो पाऊस, आणि नेमका तेव्हाच वायपर काचेच्या मधोमध थांबतो. हा बिघाड नव्हे. त्याचा उपाय वेगळा आहे, तो पुढे येईल.

आधी गेज, म्हणजे ओढ मोजायचा काटा. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू असताना, 17 ते 21 इंच पारा दाखवतं. पुणे साधारण 560 मीटरवर. दर 300 मीटरला सुमारे 1 इंच कमी धरायचा, म्हणजे इथे 15 ते 19 आले तर इंजिन ठीक. इंग्रजी मॅन्युअलातला आकडा मिळत नाही म्हणून वॉल्व्ह घासायला काढणारे फिटर आहेत, म्हणून हे सांगितलं.

जीपवर मॅनिफोल्डच्या तोंडाशी गेज लावला तर काटा 16 वर स्थिर. मोटरीकडच्या टोकाला लावला तर 11. पाच इंच वाटेत गळत होते. नळी बिजागरीपाशी दुमडते तिथे बाहेरून न दिसणारी चीर होती. नळी वाकवून धरली की गेजचा काटा हलायचा, त्यावरून सापडली. दुसरी गोष्ट जास्त फसवी. मॅनिफोल्डच्या तोंडाशी आकडा 16 आला खरा, पण काटा तिथे पोचायला चार-पाच सेकंद लागले. गेज लावल्यावर नळीत हवा वाहत नसते, त्यामुळे भोक तुंबलेलं असलं तरी गेज शेवटी पूर्ण आकडा दाखवतोच. मोटर मात्र प्रत्येक फेरीला डबीभर हवा ओढायला लावते. तिला बारीक भोक पुरत नाही. म्हणून आकड्याइतकाच काटा किती झपकन चढतो हेही पाहावं.

तोंडातून निघाला काजळीचा घट्ट थर. इंजिन बंद, 3 मिमीचं ड्रिल बिट ग्रीसमध्ये बुडवून नुसतं बोटांनी फिरवलं; ग्रीसला काजळी चिकटते, आत पडत नाही. मशीनने ड्रिल मारू नये, आतल्या कास्टिंगला बिट लागलं तर भोक मोठं होतं आणि स्लो कायमचा बिघडतो.

आणि आट्यांचं प्रकरण. मॅनिफोल्डवरचा जोड 1/8 इंच अमेरिकन पाइप आट्यांचा, इंचाला 27 आटे. बोहरी आळीत '1/8 चा निपल' मागितला की मिळतो तो ब्रिटिश आट्यांचा, इंचाला 28. दोन-तीन फेरे अगदी गोडीत जातो, मग अडतो. अडल्यावर पाना लावला की कास्टिंगचे आटे गेले, आणि जोर न लावता तसाच ठेवला तर हवा खातो. जुना पितळी निपल असेल तर तो डिझेलमध्ये भिजवून साफ करून तोच परत लावावा. नसेल तर लेथवाल्याकडून 27 आट्यांचा करून घ्यावा. टेफ्लॉन टेप गुंडाळून चुकीचा निपल चालवू नये; टेपचे धागे इंजिनच्या पोटात जातात.

नळीचं आतलं माप 7/32 इंच, म्हणजे साडेपाच मिमी, आणि भिंत जाड हवी. काच धुवायच्या पंपाची पारदर्शक नळी मापाला बसते, पण बॉनेटखाली तापून मऊ पडते आणि ओढीने आतून चिकटते. वायपर सकाळी चालतो, अर्ध्या तासाने बंद पडतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. नाना पेठेत 6 मिमीचा धाग्याचा विणीव असलेला पेट्रोल पाइप मीटरवर मिळतो, तो दोन्ही टोकांना क्लिप मारून चांगला बसतो. या जीपला सव्वादोन मीटर लागला. बिजागरीपाशी तळहाताएवढा मोकळा वळसा ठेवायचा, नाहीतर काच पुढे पाडली की पाइप ताणून पुन्हा तिथेच चिरतो.

हे सगळं झाल्यावर मोटर. ती गाडीवरच तपासता येते. मेडिकल दुकानातली 50 मिलीची सिरिंज, पुढे तोच पाइप. ओढायचं, पाइप चिमटीत दाबायचा, सिरिंज रिकामी करायची, पुन्हा ओढायचं. पातं सरकलं आणि पाइप दाबलेला असताना तिथेच थांबलं तर झालर ठीक आहे. सरकलं पण लगेच ढिलं पडलं तर झालर किंवा पॅकिंग हवा खातंय. अजिबात हललं नाही तर आधी वायपरची दांडी काढून मोटरीतून बाहेर येणारा दांडा हाताने फिरवून पाहावा. फ्रेममधल्या बुशात तो गंजून धरलेला असतो, आणि दोष मोटरीच्या नावावर जातो. आमच्याकडे दांडा मोकळा, पातं सरकत होतं आणि ढिलं पडत होतं. मोटर उघडणं आलं.

झाकण आणि डबी यांच्यावर सुईने एक आडवी रेघ, जुळवणीसाठी. स्क्रू आदल्या रात्री गंज सोडवायच्या तेलात. डबी ठिसूळ ओतीव धातूची असते. स्क्रू सुटत नाही म्हणून हातोडीने ठोकला तर कान तुटतो, आणि तो वेल्डिंगने जोडला जात नाही. आत जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं. झडप त्यातच रुतली होती. धातूचे भाग रॉकेलमध्ये धुतले, झडपेची सरकणारी बाजू काचेवर 1000 नंबरचा पेपर ठेवून चार-सहा हलके हात मारून सपाट केली. स्प्रिंगला हात लावला नाही. ती ताणली की झडप अर्ध्यातच पलटते आणि वायपर एका कडेला थरथरत राहतो.

चामड्याला रॉकेल, पेट्रोल काहीही लावायचं नाही. पंपाच्या स्टोव्हचा वॉशर ज्यांनी तेल लावून फुगवलाय त्यांना हे काम नवीन नाही. चामडं तेच, आजारही तोच. फरक एवढा, की स्टोव्हला खोबरेल चालायचं, इथे चालत नाही. खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजतं, म्हणजे पुण्याच्या डिसेंबरातल्या सकाळी पातं जागचं हलणार नाही. एरंडेल थिजत नाही. कोमट एरंडेलात पातं रात्रभर ठेवलं, सकाळी फडक्याने टिपलं आणि बोटाने झालरीची कड बाहेर वळवत गेलो. कड बोट काढल्यावर परत बाहेर उभी राहिली पाहिजे. एका बाजूची राहिली, दुसरीला आडवी भेग. ब्रेक ऑइल लावून झालर फुगवायचा एक जुना शॉर्टकट आहे. महिनाभर मोटर पळते, नंतर चिकट गाळ होतो आणि रंगही उडतो. त्याच्या वाटेला जाऊ नये.

नवी झालर कापायला चामडं वनस्पती कमावणीचं हवं, कोल्हापुरी चपलेला असतं त्या जातीचं, पण तासून 1 मिमीपर्यंत पातळ केलेलं. बॅगा-जॅकेटांचं मऊ क्रोम चामडं दिलेलं वळण धरत नाही, आडवं पडतं. चपला शिवणाऱ्या कारागिराकडून वीतभर तुकडा तासून घेतला. जुनी झालर नमुना ठेवून कापायचं, पाण्यात भिजवून पात्याच्या पट्ट्यांत आवळायचं, कड वळवून डबीतच सुकू द्यायचं. डबीचा आकार ते आपोआप घेतं. दुसऱ्या दिवशी एरंडेल. झाकणाचं पॅकिंग अर्धा मिमीच्या पॅकिंग पेपरचं, दोन्ही बाजूंना ग्रीसचा हात. सिलिकॉन मुळीच नाही. आवळल्यावर आत जो ओघळ येतो त्याच्यावर नवी झालर पहिल्याच दिवशी फाटते. झडपेला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब.

मोटर बसवली, इंजिन स्लोवर, काच ओली. दांडी पूर्ण फिरली. ॲक्सिलरेटर दाबल्यावर रेंगाळली, ते अपेक्षितच होतं. त्याला उपाय टाकीचा. 3 इंची पाइपचा 40 सेंटीमीटरचा तुकडा, दोन्ही तोंडं वेल्डिंगने बंद, म्हणजे साधारण 1.8 लिटर ओढ साठते. मॅनिफोल्ड आणि टाकी यांच्यामध्ये एकदिशा झडप, ब्रेक बूस्टरच्या नळीवर असते तीच, दोन्हीकडे कमी मापाचे जोड लावून. बाण इंजिनकडे. उलटी लावली तर वायपर अजिबातच चालत नाही, निदान लगेच कळतं तरी. या टाकीवर चढावर आठ-दहा फेऱ्या मिळतात, तेवढ्यात ॲक्सिलरेटर एकदा सोडला की ती परत भरते. लांब घाटाला ती पुरत नाही, हे कबूल. प्लॅस्टिकची बाटली वापरू नये, चपटी होते.

आता शेजारच्या बाजूचं रिकामं भोक आणि खरेदी. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे मोटर मिळते, पण गाडीचं नाव सांगून नाही. "कुठल्या गाडीची पायजे?" हा पहिला प्रश्न येतो. त्याला "जीपची" असं उत्तर दिलं की दहा प्रकारच्या मोटरी पुढे येतात आणि सगळ्या जीपच्याच असतात. मापं सांगावीत : दांड्याची जाडी, फ्रेमची जाडी, दोन स्क्रूंमधलं अंतर, दांडी किती अंश फिरायला हवी. जुन्या अमेरिकन गाडीचा दांडा पाव इंच, म्हणजे 6.35 मिमी. आपल्याकडचा 6 मिमी. डोळ्याला फरक दिसत नाही, पण जुनी दांडी नव्या दांड्यावर आवळूनही पावसात घसरते. पितळी पत्र्याची पट्टी घालून चालवतात. लेथवर बुश करून घेतला तर एकदाच काम होतं. स्क्रूंचंही तसंच. अमेरिकन 10-32 आणि आपला एम-5 इतके जवळचे, की एम-5 जोराने आत जातो आणि आटे खातो. एकतर जुना स्क्रू जपावा, नाहीतर रीतसर एम-5 चा टॅप मारून मोकळं व्हावं.

या बाजूला ऑटोरिक्षाची 12 व्होल्टची मोटर बसवली. ती काचेच्या फ्रेमवरच बसायला बनवलेली असते, दांडा थेट बाहेर येतो, एकच दांडी फिरवते, आणि पुण्यात तिचे सुटे भाग कुठल्याही पेठेत मिळतात. तिचे कान मात्र जीपच्या भोकांना जुळत नाहीत. तिथे ड्रिल उचलायचं नाही. 3 मिमी ॲल्युमिनियमची पट्टी करायची : पट्टी जुन्या भोकांवर, मोटर पट्टीवर. 50 वर्षांपुढच्या गाड्यांसाठी 2021 साली व्हिंटेज नोंदणीचा नियम आला, त्यात गाडी मूळ रूपात असण्याची अट आहे. सांगाड्याला आणि बॉडीला हात लावल्याचा प्रश्न उद्या कुणी काढलाच, तर पट्टी पाच मिनिटांत निघते. पट्टीने दांडा 3 मिमी आत जातो हे आधी मोजून घ्यावं. बाहेर दांडी, वायसर आणि नट बसून दोन आटे दिसले पाहिजेत.

अर्थिंगला सगळे फसतात. जीपची काच बिजागरीवर उभी असते, बिजागरीत रंग, गंज आणि रबर. फ्रेमला काळी वायर लावली की मोटर कधी चालते, कधी नाही, आणि मोटर बदलली जाते. काळी वायर सरळ खाली बॉडीवर, रंग खरवडून. दीड एमएमची वायर, 5 अँपिअरचा फ्यूज. जुन्या ब्रिटिश गाडीत प्लस बॉडीला असतो. तिथे चुंबकाची नवी मोटर उलटी फिरते, आणि तिचं कवच जर आतून अर्थ असेल तर थेट शॉर्ट. लुकासच्या जुन्या, आत चुंबकाऐवजी कॉइल असलेल्या मोटरीला हा फरक पडत नाही, तारा उलटसुलट केल्या तरी त्याच दिशेने फिरते.

24 व्होल्टच्या गाडीत 12 व्होल्टची मोटर चालवायला तीन वाटा होत्या. दोन बॅटऱ्यांच्या मधून 12 व्होल्ट काढणं ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट : एक बॅटरी जास्त वापरली जाते, चार्जिंग दोघींना सारखंच मिळतं, एक उपाशी राहते आणि दुसरी उकळते. मध्ये रेझिस्टन्स टाकणं त्याहून निरर्थक. ओल्या काचेवर मोटर कमी करंट घेते, सुक्यावर जास्त, त्यामुळे मोटरीला मिळणारे व्होल्ट पावसागणिक बदलतात. तिसरी 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर. तो तापकीर गल्लीत मिळतो, पण 3 अँपिअरचा घेतला तर पातं कुठे अडकलं की बंद पडतो. मोटर चालताना 2-3 अँपिअर घेते, अडली की कितीतरी जास्त. 10 चा घ्यावा.

आम्ही चौथी वाट धरली, मोटर 24 व्होल्टसाठी नव्याने भरून घ्यायची, कारण हाती असलेल्या 12 व्होल्टच्या मोटरीचं आर्मेचर (तारेचे वेढे असलेला फिरता भाग) तसंही जळकं होतं. वाइंडिंगवाल्याला सांगायचं ते एवढंच : वेढे दुप्पट, तारेचा छेद निम्मा. छेद निम्मा म्हणजे जाडी निम्मी नव्हे, जाडी 0.7 पट. आधी 25 नंबरची तार होती, तर आता 28 ते 29 (नंबर वाढला की तार बारीक). त्याच खाचांत तेवढंच तांबं मावतं. आत चुंबकाऐवजी कॉइलचं फील्ड असेल तर तेही असंच भरावं लागतं. ते विसरलं की आर्मेचर चांगलं आणि फील्ड जळालेलं. कार्बन ब्रश घेताना मिक्सरचा काळा ब्रश घासून बसवून देतात. तो 230 व्होल्टसाठीचा, त्याच्या अंगातच एखाद-दोन व्होल्ट जिरतात. मिक्सरला पत्ता लागत नाही, 12 व्होल्टच्या मोटरीला लागतो. तांबूस छटेचा, तांबं मिसळलेला ब्रश मागावा.

बटण बंद केल्यावर पातं आपोआप कडेला जावं यासाठी या विजेच्या मोटरीत गिअरवर एक कॅम, म्हणजे फिरता फिरता वीज जोडणारी-तोडणारी चकती, असते. बटण बंद असतानाही कॅममधून वीज मिळत राहते, कड आली की ती तुटते आणि त्याच क्षणी मोटरीची दोन टोकं एकमेकांना जोडली जाऊन ब्रेक लागतो. म्हणून हिला जुनं दोन तारांचं बटण चालत नाही. पार्किंगची तार चुकीच्या जागी लागली तर बटण बंद करताच फ्यूज उडतो. चालू असताना उडणारा फ्यूज आणि बंद करताना उडणारा फ्यूज, हे वेगळे आजार आहेत.

शेवटी दाब. काच पुसणाऱ्या रबरी पात्याच्या दर सेंटीमीटरला 15 ते 17 ग्रॅम. 25 सेंटीमीटरच्या पात्याला म्हणजे साधारण 400 ग्रॅम. दांडीच्या टोकाला ताणकाटा अडकवून काच सोडेपर्यंत ओढलं की कळतं. जीपवरची नवी दांडी 700 दाखवत होती. विजेच्या मोटरीने ते ओढलं असतं, व्हॅक्यूमच्या बिचारीने नाही. दांडीची स्प्रिंग एका भोकाने मागे घेतली, 420 वर आली.

चाचणी नेहमी पाण्याचा पाइप चालू ठेवून करावी. सुक्या काचेवर नवं रबर उलटतं. ओल्यावर दहा मिनिटं चालवून मोटरीला हात लावायचा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर दांडा कुठेतरी घासतोय. मग जीपची काच पुढे बॉनेटवर पाडून पाहायची. आमच्या पहिल्या जोडणीत रिक्षाच्या मोटरीचा नट बॉनेटवरच्या लाकडी ठोकळ्याच्या वर दोन मिमी उभा राहत होता. काच त्याच्यावरच टेकत होती. डोमनट काढून पातळ नट लावला, तेव्हा काच ठोकळ्यांवर बसली.